शंभर टक्के झालंय, थोडंच राहिलंय

पेनड्राइव्हवर फाइल कॉपी होत असताना माणसाचा खरा स्वभाव कळतो. काही जण पडद्यावरच्या पट्टीकडे एकटक बघत बसतात. नजर हलली तर पट्टी मागे सरकेल अशी त्यांना शंका असते. काही जण स्वयंपाकघरात जातात आणि तिथून दर मिनिटाला ‘किती झालं रे?’ विचारतात. काही जण पेनड्राइव्ह किंचित आत दाबून बघतात. तो जेवढा जायचा तेवढा आत गेलेलाच असतो, पण दाबणाऱ्याला आपणही हातभार लावला असं वाटतं. आणि एक पंथ असा आहे, जो पट्टीवर कामाचा भार टाकून काळी खिडकी उघडतो आणि म्हणतो, ‘थांबा, हे एवढं हळू का चाललंय ते आधी बघू.’

हा पंथ लिनक्स वापरतो. मीही त्यातलाच.

बाकीच्या जगाला फाइल कधी पोचणार याची काळजी असते. आम्हाला ती का पोचत नाही याची. मध्येच ती आपोआप पोचली तर आमचा चक्क विरस होतो. दोष कुणाचा ते ठरायचं राहून जातं ना! म्हणून नातेवाइकांत एक अलिखित नियम पाळला जातो: घाई असेल तर याच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावायचा नाही. नियम मोडतो तो फक्त नाइलाजाने, आणि असले नाइलाज लग्नकार्यातच उभे राहतात.

चुलतबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो आणि व्हिडिओ फोटोग्राफरने माझ्याकडे दिले होते, सगळे मिळून १४ जीबी. आत्याला त्याची एक प्रत हवी होती. आत्या आणि आतोबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सांगलीला निघणार होते. पिशव्या दारापाशी येऊन बसल्या होत्या. आतोबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह अडकवलेला होता, निळ्या जिभेचा, ‘थ्री पॉइंट ओ’ लिहिलेला. ‘यात घाल पटकन,’ असं म्हणून तो माझ्या हातात देण्यापूर्वी त्यांनी त्याच्या तोंडावर एक फुंकर मारली.

ही फुंकर आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या काळापासून चालत आलीय. कॅसेट झाली, व्हिडिओ गेम झाले, सीडी झाली. माध्यमं आली आणि गेली, फुंकर तीच राहिली. फुंकरीत ओलावा असतो, त्याने झाला तर तोटाच होतो, हे मोठ्या माणसांना सांगू नये. कारण फुंकर मारून लावलेली वस्तू बहुतेक वेळा चालते. तशीही चालणारच असते, हा भाग वेगळा.

पहिली अडचण वेगाची नव्हतीच. मुख्य व्हिडिओ ६ जीबीचा होता आणि लॅपटॉप म्हणाला, फाइल फार मोठी आहे.

‘बत्तीसात सहा बसत नाहीत?’ आतोबा म्हणाले. ‘शाळेत गणित होतं का नव्हतं या लॅपटॉपला?’

होतं, पण ते १९९६ सालचं. पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. ही पद्धत त्या साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली, आणि तिच्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. तिथे मोठ्यात मोठा आकडा मावतो ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्या काळी साखरपुड्याचं शूटिंग व्हीएचएस कॅसेटमध्ये असायचं, आणि पाहुण्यांना दाखवायचं नसेल तर ‘कॅसेट गुंतलीय’ एवढं पुरायचं. फाइल मॅनेजर निदान आधी बोलून मोकळा तरी होतो. टर्मिनलवरून कॉपी केली असती तर पेनड्राइव्हवर ४ जीबी निमूटपणे लिहून झाल्यावर मग ‘फाइल मोठी आहे’ असं उत्तर आलं असतं.

उपाय होता एक्सफॅट. ही मायक्रोसॉफ्टची २००६ सालची पद्धत. तिचा तपशील कंपनीने २०१९मध्ये जाहीर केला, त्याच वर्षी ती लिनक्सच्या ५.४ क्रमांकाच्या कर्नलमध्ये आली, आणि पुढच्या वर्षी ५.७मध्ये सॅमसंगने लिहिलेला ड्रायव्हर आला. हा इतिहास मी आतोबांना सांगायला घेतला तेव्हा आत्या म्हणाली, ‘गाडी साडेदहाची आहे.’

फॉरमॅट मारायचं तर आतलं आधी काढून ठेवायला हवं. आतून अभंगांचा एक फोल्डर, कुणाचा तरी सातबारा आणि ‘न्यू फोल्डर’च्या पोटात आणखी एक ‘न्यू फोल्डर’ असा ऐवज निघाला. सगळ्यात आतल्या फोल्डरमध्ये काहीच नव्हतं. ‘तेही राहू दे,’ आतोबा म्हणाले.

मग कॉपी सुरू झाली, आणि पट्टी अशी सुटली की बघणाऱ्याने बघतच राहावं. काही सेकंदांत १८ टक्के! ‘उरलेला वेळ: १ मिनिट’. आतोबांनी चप्पल घातली.

तिथे पट्टी थांबली. एका मिनिटाची चार मिनिटं झाली, चाराची अकरा, अकराची सदतीस. आतोबांनी चप्पल काढली.

‘आधी तर भराभर गेलं,’ आत्या म्हणाली. ‘तुझंच काहीतरी दाबलं गेलं.’

कुणाच्या घरी पेनड्राइव्ह अडकला की ती बातमी जिन्यातून आपोआप खाली उतरते. शेजारचे काका आले. त्यांच्यामागून सल्ले आले. आतोबांच्या मते व्हायरस होता. बायकोच्या मते रीस्टार्ट करायला हवं होतं. तिच्याकडे जगातल्या सगळ्या यंत्रांसाठी हा एकच उपाय आहे आणि तो लागू पडण्याचं प्रमाण माझ्या सगळ्या उपायांपेक्षा जास्त आहे. आत्या म्हणाली, उलटा लावून बघ. खरं तर तो उलटा बसला असता तर जगाचा बराच वेळ वाचला असता. यूएसबीची आखणी करणाऱ्या इंटेलच्या चमूचे प्रमुख अजय भट्ट, मूळचे वडोदऱ्याचे. दोन्ही बाजूंनी बसणारं टोक करायचं तर तारा वाढतात आणि त्याबरोबर खर्चही, म्हणून ते तसं केलं नाही, असं त्यांनीच पुढे सांगितलंय.

काकांचं म्हणणं थोडक्यात होतं. ‘विंडोज टाका. आमच्याकडे चुटकीसरशी होतं.’

लिनक्सवाल्याला हे वाक्य आयुष्यात इतक्यांदा ऐकायला मिळतं की त्यावर रागावायचीही सवय मोडते. मी टर्मिनल उघडलं. ‘एलएसयूएसबी डॅश टी’ अशी आज्ञा दिली की कोणतं यंत्र कुठल्या फांदीवर बसलंय आणि त्या फांदीचा वेग किती, ते दिसतं. आतोबांच्या पेनड्राइव्हपुढे ‘४८०एम’ लिहिलेलं होतं. थ्री पॉइंट ओ म्हणवणाऱ्यापुढे ‘५०००एम’ असायला हवं.

या आकड्यांमागची नावं एकदा बघून घ्यावीत. १९९६च्या पहिल्या यूएसबीत सेकंदाला १२ मेगाबिट हा वरचा वेग होता. त्याचं नाव ठेवलं ‘फुल स्पीड’. २००० साली टू पॉइंट ओ आलं, ४८० मेगाबिट. फुलच्या वर काय राहिलं? तर ‘हाय स्पीड’. २००८ साली थ्री पॉइंट ओ, ५ गिगाबिट. ते ‘सुपर स्पीड’. पुढे २०१३मध्ये त्याच ५ गिगाबिटला ‘थ्री पॉइंट वन जेन वन’ म्हणायचं ठरलं आणि २०१७मध्ये ‘थ्री पॉइंट टू जेन वन’. वेग होता तिथेच होता, बारसं मात्र तिसऱ्यांदा झालं. आजच्या लॅपटॉपने एखाद्या यंत्राची ‘फुल स्पीड’ अशी नोंद केली तर ते सगळ्यात रेंगाळणाऱ्यांपैकी एक आहे असं समजावं.

५०००च्या जागी ४८० का, याचं कारण आतोबांच्या जपणुकीत सापडलं. थ्री पॉइंट ओच्या टोकात नऊ संपर्कपट्ट्या असतात. चार जुन्या, टू पॉइंट ओच्या, आणि पाच नव्या, त्या जरा मागे. पेनड्राइव्ह हळूहळू आत सरकवला तर जुन्या चार आधी टेकतात. लॅपटॉप समजतो, टू पॉइंट ओचा कुणीतरी आलाय, आणि तशी नोंद करून मोकळा होतो. मागून नव्या पाच टेकल्या तरी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आतोबांनी फॉरमॅटनंतर पेनड्राइव्ह स्वतःच्या हाताने, जीव मुठीत धरून, तीळ-तीळ सरकवत आत घातला होता. त्यांची परवानगी घेऊन कॉपी थांबवली, पेनड्राइव्ह काढला आणि एका झटक्यात लावला. ‘५०००एम’!

त्याच क्षणी माउस बिघडला. बाण एका जागी थिजायचा आणि मग उडी मारून तिसरीकडे उगवायचा. ‘सेल गेला असेल,’ काका म्हणाले. सेल ठणठणीत होता. माउस बिनतारी, त्याचं इवलंसं रिसीव्हर पेनड्राइव्हच्या शेजारच्या खाचेत. थ्री पॉइंट ओचा व्यवहार चालू असला की त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि अशा माउसचा मुक्काम त्याच पट्ट्यात असतो. हे इंटेलने २०१२ साली मोजून लेखी मांडलंय. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावलं, माउस शुद्धीवर आला. काकांना मात्र यातून एवढंच दिसलं की लिनक्सवर पेनड्राइव्ह लावला की माउस बंद पडतो.

आणि कॉपी? वाट दसपट रुंद झाली, तरी सेकंदाला ६ एमबी. आधी ६, आताही ६.

थ्री पॉइंट ओ हे वाटेचं नाव आहे, त्या वाटेच्या टोकाला बसलेल्या चिपचं नाही. ४८० मेगाबिट म्हणजे हिशेबाने सेकंदाला ६० एमबी. प्रत्यक्षात ३०-४० हाती लागतात. सेकंदाला ६ एमबी लिहिणाऱ्याला ती जुनी वाटसुद्धा ऐसपैस होती. पाकिटावर ‘अप टू १०० एमबी’ छापलेलं असतं, पण तो वेग वाचण्याचा असतो. लिहिण्याचा वेग स्वस्तातल्या पेनड्राइव्हच्या पाकिटावर बहुधा छापतच नाहीत. छापला तर पेनड्राइव्ह विकला जाणार नाही, आणि पेनड्राइव्ह विकत घेणारा माणूस तर तो लिहिण्यासाठीच घेत असतो.

लिहायला वेळ लागतो तो या चिपच्या घडणीमुळे. फ्लॅश मेमरी ही तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची १९८०च्या दशकातली निर्मिती. तिच्यात लिहायचं ते पान-पान, काही केबींचं. पुसायचा मात्र अख्खा गठ्ठा, शेकडो केबींपासून काही एमबींपर्यंतचा. लिहिलेल्या पानावर परत लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि एकच पान पुसायची सोय नाही. मग आतल्या कंट्रोलरला गठ्ठ्यातली कामाची पानं दुसरीकडे उतरवून घ्यावी लागतात, गठ्ठा पुसावा लागतो, आणि मग कुठे नवं लिहिता येतं. एसएसडीमध्ये या कामाला तरबेज कंट्रोलर असतो आणि हालचालीला भरपूर मोकळी जागा. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेनड्राइव्हमध्ये जो कुणी या कामावर नेमलाय, तो मिळणाऱ्या पैशांच्या मानाने खूपच करतो.

त्यातही एक मोठा व्हिडिओ सरळ वाहत जातो. फोटोंचं तसं नाही. प्रत्येक फोटोमागे नाव, तारीख आणि कुठे ठेवला त्याची नोंद पुन्हा पुन्हा लिहावी लागते. हल्लीचा फोटोग्राफर अंगठी बोटात जाताना बटण दाबतो आणि अंगठी नीट बसेपर्यंत बोट उचलत नाही. अंगठी नखावर, अंगठी पेरावर, अंगठी अडकली, नवरा मुलगा कसनुसा हसला, सासूबाई पुढे झुकल्या. प्रत्येक फोटो वेगळी फाइल. सगळे एकाच झिपमध्ये बांधले तर भराभर जातात, हे मी सुचवलंसुद्धा. ‘टीव्हीवर दिसेल का ते?’ आत्याने विचारलं. नाही, म्हटल्यावर विषय संपला.

एव्हाना काका घरी जाऊन स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन आले होते. ‘हा घ्या. दोन टीबीचा. फूटपाथवर साडेतीनशेला दिला त्याने.’

‘फूटपाथ’ हा शब्द कानावर पडला की लिनक्सवाल्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्याच्या लग्नाच्या फोटोतही नसतं. असल्या पेनड्राइव्हसाठी ‘एफथ्री’ नावाची हत्यारं आहेत. ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’चे तीन एफ. ती पेनड्राइव्हवर लिहून बघतात, लिहिलेलं परत वाचतात आणि जुळतंय का ते सांगतात. काकांच्या पेनड्राइव्हमध्ये खरी जागा होती ८ जीबी. कंट्रोलर २ टीबी सांगायचा, ८ जीबीपर्यंत नीट ठेवायचा, आणि पुढचं सगळं हसतमुखाने स्वीकारून फेकून द्यायचा. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘विंडोजवर दोन टीबी दाखवत होतं.’

आता राहिलं सगळ्यात अवघड कोडं. वेग ६ एमबीचा, मग सुरुवातीचे १८ टक्के कसे गेले? आत्याचा मुद्दा बिनतोड होता.

तहसील कचेरीत अर्ज द्यायला गेलं की आवक खिडकीवरचा कारकून तो घेतो, बारनिशीत चढवतो, शिक्का मारून पोच आपल्या हातात देतो. आपण घरी येऊन सांगतो, ‘काम झालं.’ अर्ज मात्र अजून त्या खिडकीच्या आतल्या टेबलावर असतो. लिनक्सचं कर्नल असंच चालतं. पेनड्राइव्हवर लिहायचा मजकूर ते आधी रॅममध्ये घेतं, कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला तिथल्या तिथे पोच देऊन टाकतं, आणि प्रत्यक्ष लिहिण्याचं काम मागे सवडीने करतं. पट्टी मोजते त्या पोचा.

टेबलावर किती साठू द्यायचं यालाही मर्यादा आहे. उपलब्ध मेमरीच्या १० टक्के साठलं की मागच्या मागे लिहायला सुरुवात होते, आणि ३० सेकंदांहून जुनं झालेलं काही असेल तर त्याचाही नंबर लागतो. २० टक्के साठलं की खिडकी बंद. आतलं निघेल तेवढंच नवं आत. माझ्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी, त्यातली साडेबाराच्या आसपास उपलब्ध. तिचे २० टक्के म्हणजे अडीच जीबी. अडीच जीबी म्हणजे चौदाच्या बरोब्बर अठरा टक्के! पट्टी जिथे अडली तिथे पेनड्राइव्ह अडला नव्हता. तो पहिल्यापासून आपल्या चालीने चालला होता. रॅम भरली होती.

एरवी ही पद्धत सोयीची आहे. आतल्या वेगवान डिस्कवर टेबल चुटकीसरशी रिकामं होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पंचाईत होते ती रॅम भरपूर आणि पेनड्राइव्ह सुस्त असला की. २०१३ साली कर्नल लिहिणाऱ्यांमध्ये नेमक्या याच दुखण्यावर बरीच चर्चा झाली, आणि मेमरी एवढीशी असायची तेव्हाच्या या टक्केवाऱ्या आता फार होतात, हे खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनीही मान्य केलं. वीस टक्के तरीही वीस टक्केच राहिले. त्या चर्चेनंतर घरोघरची रॅम मात्र वाढत गेली.

काकांच्या ‘चुटकीसरशी’चीही इथेच उकल होते. विंडोज १०ने २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळचंच करून टाकलं: साठवत बसायचं नाही, लगेच लिहायचं. पट्टी मग पहिल्यापासून हळू चालते आणि खरं बोलते. हाच पेनड्राइव्ह तिकडे लावला असता तरी वेळ तेवढाच लागला असता. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘तुम्ही एकदा टाकून तर बघा.’

अखेर पट्टी शंभरावर पोचली आणि खिडकी मिटली. ‘झालं!’ म्हणत आतोबांनी हात पुढे केला. घरातल्या चौघांनी चार शब्द बोलावेत इतक्या जोरात मी एकटा ओरडलो. पडद्याच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात सूचना आली होती: माहिती लिहिली जात आहे, यंत्र काढू नका.

‘शंभर टक्के झालंय ना?’

‘झालंय. थोडंच राहिलंय.’

हे उत्तर देताना आपण कसे दिसतो याची लिनक्सवाल्याला कल्पना असते. म्हणून मी त्यांना टेबलच दाखवलं. ‘मेमइन्फो’ नावाच्या फाइलमध्ये ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ अशा दोन ओळी असतात. घेतलं पण अजून लिहिलं नाही, आणि आत्ता लिहिणं चाललंय, असे हे दोन आकडे, केबींमध्ये. ‘वॉच’ ही आज्ञा लावली की ते सतत ताजे होत राहतात. दोन्हींची बेरीज होती चोवीस लाख छत्तीस हजार. पाहता पाहता चोवीस लाख तीस. मग चोवीस लाख चोवीस.

सगळं घर पडद्यासमोर गोळा झालं. आकडा आत्या मोठ्याने वाचू लागली. आतोबांनी मनातल्या मनात हिशेब केला. ‘सेकंदाला सहा हजार पडतायत. चोवीस लाखाला चारशे सेकंद. पावणेसात मिनिटं धर.’ त्या संध्याकाळचा तो पहिला अंदाज होता जो बदलला नाही. लॅपटॉपने एकापासून सदतीसपर्यंत सगळे आकडे सांगून झाले होते. आतोबांनी एकदाच सांगितला.

मी दुसऱ्या खिडकीत ‘सिंक’ टाइप करून ठेवलं. लिनक्समधली ही सर्वांत सज्जन आज्ञा. तिला टक्के कळत नाहीत, पट्टी नसते, बोलणं नसतं. टेबलावरचं सगळं लिहून झाल्याशिवाय ती जागची हलत नाही. जुने युनिक्सवाले यंत्र बंद करण्यापूर्वी ‘सिंक’ तीनदा टाइप करत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेचा उपयोग एवढाच की टाइप करेपर्यंत पहिलीचं काम उरकावं. ‘तीनदा? मग बरोबर,’ आत्या म्हणाली. त्या रात्री लिनक्समधली तिला पटलेली ही एकमेव गोष्ट.

आकडा शून्याजवळ आला, ‘सिंक’ परतलं, पेनड्राइव्ह रीतसर निघाला, किल्ल्यांच्या जुडग्यात परत अडकला. आत्या-आतोबांना गाडी मिळाली.

पाहुणे गेल्यावर लिनक्सवाला झोपत नाही, हे सांगायला नको. मी टक्केवारी काढून टाकली आणि मर्यादा बाइट्समध्ये बांधून दिली: १६ एमबी साठलं की लिहायला लाग, ४८ एमबीच्या वर घेऊच नकोस. पाच-दहा मिनिटांचं काम. आता पट्टी पोचा मोजत नाही, काम मोजते. ६ एमबीचा पेनड्राइव्ह असेल तर सेकंदाला ६ एमबीनेच सरकते, उरलेला वेळ एकदा सांगते आणि शब्द पाळते. शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के. पेनड्राइव्ह काढायला सांगितलं की लगेच निघतो.

ही सुधारणा मी दुसऱ्या दिवशी काकांना मुद्दाम बोलावून दाखवली. ते मुकाट्याने बघत राहिले. एक टक्का. एक टक्का. दोन टक्के.

‘अहो, बिघडवलंत की!’ काका म्हणाले. ‘काल निदान अठरापर्यंत तरी भराभर जात होतं.’

‘काका, वेळ तेवढाच लागतोय. शेवटी अडकत नाही आता.’

‘तेवढाच लागतोय ना? मग कालचं काय वाईट होतं? सुरुवातीला जरा बरं तरी वाटायचं.’

मी बायकोकडे पाहिलं. ती कालच्यासारखीच पट्टीकडे बघत होती. ‘तुझं तू काय ठेवायचं ते ठेव,’ ती म्हणाली, ‘पण घरात चार माणसं आली असली की ते जुनं लावत जा. एवढं हळू चाललेलं दिसलं की पाहुणे अवघडतात.’

यावर वाद घालता आला असता. पण चहाचं भांडं चढायच्या आधीच ‘झालाच चहा’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा मुद्दा कळायला कर्नल वाचावं लागत नाही. मी दोन छोट्या स्क्रिप्ट लिहून ठेवल्या. एक मर्यादा १६ आणि ४८ एमबीवर आणते, दुसरी ती परत दहा आणि वीस टक्क्यांवर नेते. एकीचं नाव ‘खरं’, दुसरीचं ‘पाहुणे’. ‘पाहुणे’ लाव, असं दर सणावाराला घरातून कुणी ना कुणी सांगतं. ‘खरं’ लाव असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.